काचेवरची थाप

१२ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझी लेक मजेत आहे. माझ्या शिवणाच्या दुकानात मशीनशेजारी बसून तिचा स्वतःचा कारभार चालतो. हाती येईल त्यावर आधी थाप मारायची. वाजलं की पुन्हा पुन्हा बडवायचं, नाही वाजलं तर गालाला लावायचं. डबा, पेटी, टेबल एका जातीचे. चिंध्या, उशी आणि मी दुसऱ्या. म्हणजे तुझी ताई चिंध्यांत जमा!

मुलांना आत सोडत नाहीत म्हणून रविवारी तिला तुझ्या दवाखान्याच्या बंद खिडकीशी आणते, तेव्हा मी तिचा हात काचेवर थापटून ही बघ तुझी आई असं सांगते ना, ते पोरीने बरोबर उचललं. काल दुकानातल्या आरशावर थाप मारून चक्क आई म्हणाली. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. गोळ्या चुकवू नकोस.

तुझ्यावर जीव असलेली,
ताई

२० जून

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसले, मग खोकले, मग नर्सची बोलणी खाल्ली. पण आरशाची गोष्ट मनाला लागून राहिली. या रविवारी ती माझ्याकडे बघतच नव्हती गं. थाप मारायची, आवाज ऐकायची आणि खुदकन हसायची. मी बाजूला झाले नि शेजारच्या खाटेवरच्या आजी खिडकीत आल्या, तर त्याही आईच.

ह्यांची बोट परत यायला अजून अवकाश आहे. थंडीपर्यंत मला सोडतील म्हणतात. ताई, ती मला ओळखेल ना? खरं काय ते कळव.

तुझी,
धाकटी

३ जुलै

चि. धाकटीस आशीर्वाद.

खोटं कशाला बोलू? बसची खिडकी, औषधाच्या दुकानातलं काचेचं कपाट, सगळ्या आया झाल्यात. तुझी शाल पुढे धरून आई म्हटलं, तर तिने ती गालाला लावली आणि मावशी म्हणाली. पण लेकरूच आहे, कुशीत आली की चार दिवसांत सगळं विसरेल. तू आधी बरी हो.

तुझीच,
ताई

९ डिसेंबर

ती. ताईस शि. सा. न.

तू तिला घरी सोडून गेलीस आणि मी तिला उचललं. तिने माझ्या गालावर थाप मारली. थांबली. पुन्हा मारली. मग गालाला गाल लावून मला मावशी म्हणाली, आणि माझ्या खांद्यावरून तुला शोधत रडत सुटली. दोन दिवस माझ्या हातून धड दूध प्यायली नाही.

काल मी कपडे वाळत घालायला गॅलरीत गेले आणि वाऱ्याने काचेचं दार लागलं. ती तुरुतुरु चालत आली, काचेवर थाप मारून आई म्हणाली आणि इतकी हसली! मीही सवयीने हात हलवला. दार उघडलं की रडणार हे दिसत होतं, म्हणून बराच वेळ उघडलं नाही. मला फार वाईट वाटलं, आणि फार बरंही वाटलं.

आजही मी बाहेरच बसले आहे. गारठा आहे, डॉक्टरांनी छाती जपायला सांगितलं आहे, ते सगळं ठाऊक आहे. ती आत काचेला गाल लावून झोपली आहे. दार तिच्याच बाजूला उघडतं, ढकललं तर ती जागी होईल.

लोभ आहेच, पण तू ये.

तुझी,
धाकटी