व्हायोलावाल्यांना दिलेलं अर्धं मिनिट

थॉर्नबेक, गुरुवार, चहा झाल्यावर

तीर्थस्वरूप प्रूडन्स आत्यास, भाचा सायलस याचा गुडघे टेकून नमस्कार. माझे दोन्ही टेकलेत, तुझा डावा कसा आहे? पत्र पेन्सिलीनं लिहिलंय याचा राग मानू नकोस. आमच्या बाईंच्या, म्हणजे मिस हेब्डन यांच्या, घरात शाई आणायला बंदी आहे. जे खोडता येत नाही ते लिहूच नये, असं त्यांचं मत.

मी इथं अजून टिकून आहे हे आधी सांगतो, कारण माझी शिफारस करताना तू ‘मुलगा शांत आहे’ असं धडधडीत खोटं लिहिलं होतंस. (कॉलेज सोडल्याचं विसर आता. त्या प्राध्यापकांनी बाईंच्या संगीताला म्हातारीचं विणकाम म्हटलं, म्हणून मी त्यांच्या पियानोचं झाकण जरा जोरात लावलं. त्यांची बोटं आत नव्हती, हे कुणी लक्षातच घेत नाही.) बाई अडुसष्ट वर्षांच्या. चाळीस वर्षं या खोऱ्यातल्या पोरांना पियानो शिकवून उरलेल्या वेळात त्यांनी जे लिहिलं, ते आज लंडनमध्ये वाजतं. पण सकाळी कोंबड्यांना दाणे टाकताना दिसल्या, तर वाटेल अंडी विकणारी बाई आहे. (विकतातही.) लिहितात थोडं, खोडतात फार. सोमवारी भरलेल्या पानातले शुक्रवारी चार सूर उरतात, आणि ते ऐकताना वाटतं की हे इथंच होते, बाईंनी फक्त वरची माती झाडली. ती माती, म्हणजे रबराचा चुरा, झाडणं हे माझं काम. शिवाय त्यांचं पेन्सिलीतलं सगळं संगणकावर उतरवून प्रत्येक वादकाचा वेगळा कागद छापायचा.

आता ब्रायनी. तीच, तुझ्या माडीवर भाड्यानं राहणारी. आमच्या वाद्यवृंदात ती व्हायोला वाजवते. व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, पण ज्याला लग्नात फक्त खुर्च्या लावायला बोलावतात तसा. सोमवारी तालमीनंतर ती मला म्हणाली, “सायलस, तुझी बाई चाली दुसऱ्यांना देते आणि बटाटे सोलायला आम्हाला बसवते.” मी बाईंच्या बाजूनं इतका भांडलो, की तिनं मला दिलेला केक परत घेतला. मग घरी येऊन, आत्या, मी तिच्यासाठी चोरी केली.

बाईंची नवी रचना त्यांच्या भावासाठी आहे. वॉल्टर गिरणीच्या बँडात फ्रेंच हॉर्न, म्हणजे ते वेटोळं पितळी शिंग, वाजवायचा. गेल्या वर्षी गेला. रचनेच्या शेवटी सगळे गप्प होतात आणि शिंग एकटं अर्धं मिनिट एक चाल वाजवतं. ती मी शिंगवाल्याच्या कागदावरून काढली आणि व्हायोलावाल्यांच्या कागदांवर घातली. संचालक क्लेगसाहेबांसमोरची मूळ प्रत बाईंच्या हातची, ती बदलणं शक्य नव्हतं. म्हणजे पकडला जाणार हे नक्की होतं. पण माझ्या अवस्थेत माणसाला बुधवारपर्यंतचं दिसत नाही.

बुधवारी चर्चमध्ये तालीम. शनिवारी पहिला कार्यक्रम. बाई तिसऱ्या बाकावर थर्मास घेऊन, शेजारी मी. शेवट आला आणि व्हायोला वाजू लागले. ब्रायनीचे कान लाल झाले. क्लेगसाहेबांची छडी हवेतच राहिली. शिंगवाला (आपला खाटीक) म्हणाला, माझ्या कागदावर तर काहीच नाही. साहेबांनी विचारलं, “हे कुणाचे उद्योग?” आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं, की मी एका मेलेल्या माणसाचा निरोप उचलून मुलीला गुच्छ म्हणून दिलाय. नोकरी गेलीच समजून मी उठू लागलो. बाईंनी माझा कोट धरून मला खाली बसवलं.

“माझेच, क्लेग. बदललं आणि सांगायचं विसरले. पुन्हा वाजवा.”

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. चहाच्या सुट्टीत सगळ्यांचे कागद गोळा करून पेन्सिल घेऊन बसल्या. चाल व्हायोलांकडेच ठेवली. फक्त शेवटचे तीन सूर खोडून शिंगाला दिले, आणि खाटकाला दाराबाहेर, कबरींमध्ये नेऊन उभा केला. ते तीन सूर बाहेरून आले, तेव्हा क्लेगसाहेब बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मी केला होता गुच्छ, बाईंनी त्याचा परत वॉल्टर केला. अशा माणसाचा चुरा मी जन्मभर झाडीन.

ब्रायनीनं धावत येऊन मिठी मारली. बाईंना. मला म्हणाली, “शिक जरा यांच्याकडून.”

परतताना गाडीत बाई म्हणाल्या, “मुलींना फुलं द्यावीत. माझ्या भावाचे सूर देऊ नयेत.” मैलभर गेल्यावर म्हणाल्या, “वॉल्टरला व्हायोला फार आवडायचा. मी विसरलेच होते.”

तुझा, अजून नोकरीत असलेला,
सायलस

ता. क. खरं काय ते ब्रायनीला मी सांगितलं तर बाई खोट्या पडतात. पण तू रोज नाश्त्याला तिच्यासमोर बसतेस. शनिवारच्या आत सहज विषय निघाला, तर?

आणखी एक ता. क. पत्र टेबलावर ठेवून कोंबड्या कोंडायला गेलो, तेवढ्यात बाईंनी ते वाचलं. ब्रायनीच्या डोळ्यांवर सव्वा पान होतं, ते आता पाकिटाच्या तळाशी चुऱ्याच्या रूपात आहे. (पत्र सुधारलंय, हे मलाही कबूल करावं लागतं.) वरचा ता. क. मात्र त्यांनी खोडलेला नाही. त्याच्या समासात एक खूण केलीय, खाटकाच्या कागदावर त्या तीन सुरांपाशी केली होती तीच. तिचा अर्थ असा: हळू, पण ऐकू जाईल असं.