भुताच्या पोरांचं बारसं

मढ, ८ डिसेंबर १९९८

उज्ज्वलावन्सं,

तुम्ही पुण्याहून धाडलेला कादंबरीचा दुसरा भाग मिळाला. पहिला भाग मी आईंना वाचून दाखवला, तेव्हापासून त्या शापित राजपुत्रावर त्यांचा पोटच्या लेकासारखा जीव. दोनशे वर्षं किल्ल्यात भूत होऊन हिंडणाऱ्या त्या पोराला त्याची हेमवती मिळावी म्हणून त्या भीमाशंकराला नवस बोलल्या. आणि दुसऱ्या भागात तिसऱ्याच पानावर हेमवतीचं लग्न सेनापतीशी.

मला ते वाचवेना. पुस्तक समोर धरून मी मनानंच सांगत गेले. शाप उतरवला, दोघांचं लग्न लावलं, जुळी पोरं झाली. आई काल नवस फेडून आल्या.

आज शेंगा फोडता फोडता म्हणाल्या, "सिंधू, आठ दिस झालं, तू पान उलटलं न्हाईस."

माझं तोंड उतरलं.

"ऱ्हाऊ दे. त्यो मेला काय बी लिवतोय. तू बारशाचं बघ. नाव आत्यानं ठेवायचं असतंय, उज्ज्वलाला बोलीव."

हे पत्र तुमच्या सासरी कुणी फोडलं तर काय म्हणतील? म्हणून ते पुस्तकातच ठेवते आणि 'माहेरी येऊन जा' एवढंच कार्ड टाकते. आल्यावर हसू नका. आईंनी दोन झबली शिवलीत.

तुमची वहिनी,
सिंधू