छत्तीस मिलिमीटरची जबाबदारी

भावोजी, नमस्कार. तुमची कंबर आता वाकते का? ताईचा बसलेला आवाज उठला का? (उठला नसेल तर हे पत्र तिला आजच दाखवून टाका.)

तुमच्या स्वयंपाकघरातली कपाटं अजून का लागली नाहीत, ते सविस्तर कळवतो. सुतारकामात तीस वर्षं झाली, आणि तीही कुणा उस्तादाच्या हाताखाली नव्हे, स्वतःच शिकलो. तरी फळ्यांची मापं काढून देणारा प्रोग्राम रोख पैसे मोजून घेतला. बावीस कप्पे कापले. बावीसच्या बावीस छत्तीस मिलिमीटर तोकडे! कंपनीला फोन केला, तर तिथली बाई गोड आवाजात म्हणते, "काका, करार वाचलात ना?" वाचला! एकतीस पानं, चष्मा पुसून पुसून. पैसे माझे, पण प्रोग्राम माझा नाही. फक्त वापरायची परवानगी. दुसऱ्या कॉम्प्युटरवर घालायचा नाही, आत डोकावायचं नाही, आणि नुकसान झालं तर भरपाई फार तर प्रोग्रामच्या किमतीएवढी, तीही त्यांची चूक सिद्ध झाली तर. (पेटीला कुलूप त्यांचं, आणि आतली चूक दाखवायची मी!) अहो, माझं कपाट कुणाच्या डोक्यात पडलं तर मी काय करार वाचून दाखवू?

चिडून फुकटचा, मुक्त प्रोग्राम घेतला. त्याचा परवाना मोठा दिलदार: उघडा, बदला, वाटा. आणि खाली ठळक अक्षरांत, जसा आहे तसा घ्या, हमी कसलीच नाही. म्हणजे एक जण पैसे घेऊन हात झटकतो, दुसरा न घेता. पुन्हा बावीस कप्पे कापले. पुन्हा छत्तीस मिलिमीटर तोकडे! कर्ते वेगळे, चूक तंतोतंत तीच. याला मी संगनमत म्हणतो. दोघांनाही सणसणीत पत्रं धाडली आहेत. कंपनीकडून तक्रार क्रमांक आला. क्रमांक भिंतीला ठोकू की काय?

तुमचा संतप्त मेहुणा

ता. क. मुक्त प्रोग्रामवाल्याचं उत्तर आत्ताच आलं. बाजूच्या दोन फळ्यांची जाडी, अठरा नि अठरा, म्हणे प्रोग्राम स्वतःच वजा करतो. मी ती आधीच मनात वजा करून माप भरत होतो. (माझी वजाबाकी अचूक होती, याची नोंद घ्यावी.)

आणखी एक. हे पत्र आता ताईला दाखवू नका; तिला सांगताना मापं तुम्ही दिली होती असं सांगा. तुमच्याकडून तिला तशाही फार अपेक्षा नाहीत; माझं कौतुक मात्र ती अजून शेजारणींना सांगते.