फादर सिरियस

१४ जुलै १९८०, सोमवार

पत्र आलं. आठव्या ओळीत ‘आमच्याकडे’ असं लिहिलंय!

“आमच्याकडे सध्या कडाक्याची थंडी आहे. तुमच्याकडे पाऊस कसा काय?” – माझ्या लेकीचे, पुष्पलताचे शब्द. आमच्याकडे म्हणजे कुठे? तर कासामा गाव, झांबिया देश, आफ्रिका! तिथल्या मुलींच्या शाळेत ती दीड वर्षापासून गणित शिकवते. करार दोन वर्षांचा. डिसेंबरात संपतो, की लगेच परत. आजवर लिहायची, ‘इथे असं असतं, आपल्याकडे तसं असतं.’ आपल्याकडे म्हणजे शिरगाव, आपलं घर, मी, मंजुळा. आता आम्ही ‘तुमच्याकडे’ झालो.

मंजुळाला वाचून दाखवताना मी ‘आमच्याकडे’च्या जागी ‘इथे’ घातलं. बायको शिकलेली नाही, उगाच जिवाला लावून घेईल. ती जवळा निवडत होती. “हां,” म्हणाली.

१५ जुलै

ट्रंकेतून सगळी पत्रं काढली. एकतीस. पेन्सिल घेऊन बसलो. पहिली गडबड मार्चच्या पत्रात – ‘आमची शाळा’. तेव्हा माझं लक्ष गेलं नाही. मे महिन्यात ‘आमचा बाजार’. त्या बाजारात बारीक सुकी मासळी मिळते, अगदी आपल्या जवळ्यासारखी, भाजली की सगळ्या घरांत वास जातो, असं वर्णन! म्हणजे दुखणं मार्चपासूनच अंगात आहे.

मंजुळा म्हणाली, “काय सोधता?”

“तारखा लावतोय.”

“लावा. पाऊस पडतोय, दुसरं काम तरी काय हाय तुमाला!”

२० जुलै

शेजारचा दामू आला होता. बोईसरच्या कारखान्यात पाळीवर जातो, चार लोकांत बसतो, म्हणून त्याला सगळं माहीत हवं असतं.

“वामनकाका, तिकडं वाघ हाय का?”

गावात आफ्रिकेबद्दल काही विचारायचं तर मला विचारतात. मी स्वतः सुरतेच्या पुढे गेलो नाही, पण मुलगी तिकडे आहे म्हटल्यावर उत्तर द्यावंच लागतं. “आहे की,” म्हटलं. दामू गेल्यावर पत्र काढून बघितलं. आफ्रिकेत वाघ नसतो! सिंह असतो, आणि तोही कासामा गावात हिंडत नाही. आता काय करणार? संध्याकाळी मंजुळा विहिरीवरून आली ती चिडूनच. बायकांनी विचारलं म्हणे, “पुष्पीला वाघ दिसला का गो?”

दामूनं आणखी एक विचारलं होतं – “त्या लोकान्ला गणित येतं का काका?”

“तुला येतं का?”

“नाय.”

“मग?”

पुष्पी लिहिते की तिच्या दहावीच्या मुली पालघरच्या मुलांपेक्षा हुशार आहेत. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पालघरला माझी ओळख आहे.

मला एका गोष्टीचा उलगडा होत नाही. बाजारात बायका तिला ‘परदेशी बाई’ म्हणतात. शिरगावची पोरगी परदेशी कशी? परदेशी तर ते लोक!

४ ऑगस्ट, सोमवार

पालघरला शाळेत जाऊन आलो. या शाळेत मी एकतीस वर्षं शिपाई होतो. पुष्पी याच शाळेत शिकली आणि पुढे इथेच शिक्षिका झाली. तिच्या तासाची घंटा मी वाजवत असे. तेवढ्या घंटा कधी चुकल्या नाहीत.

हेडसर म्हणाले, “वामन, मुलीची जागा एक जानेवारीपर्यंत धरून ठेवतो. पुढे माझ्या हातात नाही. बाहेर पन्नास बीएड उभे आहेत.”

“येणारच सर!”

“तिनं तसं कळवलंय का?”

“कळवायचं काय त्यात सर!”

“बस ना, उभा का?”

बसलो नाही. एकतीस वर्षांत त्या खोलीत कधी बसलो नाही.

२ सप्टेंबर

पत्र. “इथले हेडमास्तर करार आणखी दोन वर्षं वाढवा म्हणतात. माझ्या मुलींची मोठी परीक्षा पुढच्या वर्षी आहे. मी विचार करते आहे.”

माझ्या मुली!

छत्तिसावं लागलंय तिला. लग्नाचं बोलणं तिनंच दहा वर्षांपूर्वी बंद केलं, ठीक. पण पर्मनंट नोकरी सोडायची? आणखी दोन वर्षांनी मी एकाहत्तर. तोवर नजर गेली तर तिचं पत्रसुद्धा मला वाचता येणार नाही. मग या घरात वाचणारं कोण उरलं?

मंजुळानं विचारलं, “काय लिवलंय?”

“पाऊस चांगला आहे म्हणते.”

“तिकडं पाऊस नोवेंबरात ना?”

हिला कसं माहीत? मीच कधीतरी वाचून दाखवलं असेल.

५ सप्टेंबर

काळजीनं जेवण गेलं नाही. दोनच भाकऱ्या.

१० सप्टेंबर, बुधवार

सुचलं! एकतीस वर्षं शाळेत काढली, ती फुकट नाही गेली.

शिक्षकाला घाईनं रजा हवी असली की घरून तार यायची. ‘मदर सिरियस.’ तार मीच ऑफिसात नेऊन द्यायचो. सिरियस म्हटलं की हेडमास्तर एक प्रश्न विचारत नाही, तारेवरच सही करतो. एकट्या ड्रिल मास्तरांची आई माझ्या नोकरीत सात वेळा सिरियस झाली. दर वेळी गणपतीत! म्हातारी अजून आहे, परवा सफाळ्याच्या बाजारात भेंडी घेताना दिसली.

पण तार पुष्पीला करून उपयोग नाही. तिनंही असल्या तारा पाहिल्या आहेत. ती आधी हसेल. म्हणून तार थेट हेडमास्तरला! हेडमास्तर इथला काय, आफ्रिकेतला काय, हेडमास्तरच. तोच तिला म्हणेल, बाई, जा घरी. एकदा शिरगावात पाय टेकला की पुढचं मी बघतो.

उद्या पालघर. कुणाला सांगायचं नाही. मंजुळाला तर नाहीच. तिच्या पोटात काही राहत नाही. इथे लिहिलं तेवढं पुरे. वही नेहमीप्रमाणे फळीवर.

११ सप्टेंबर

केली तार.

तार ऑफिसातला कारकून तरुण आहे. मला वाटलं होतं जुनेच असतील. त्यानं विचारलं, “मजकूर?”

“मिस पुष्पलता फादर सिरियस.”

“फादर कोण?”

“मी.”

त्यानं वर पाहिलं. मी खोकलो. म्हणाला, “काका, ‘कम सून’ वगैरे घालू का?” मी म्हटलं, नको. हेडमास्तर शहाणा माणूस असतो, त्याला फोड करून सांगावं लागत नाही.

पावती देताना म्हणाला, “जपा हां काका.” आणि मागच्याला म्हणाला काहीतरी. तो हसला.

१२ सप्टेंबर

परदेशी टपालाची कोरी निळी पत्रं दोन होती, एकच सापडतंय. उंदीर झालेत घरात.

१६ सप्टेंबर

कालपासून मधल्या खोलीत पडून आहे. उद्या कुणी चौकशीला आलं तर सवय असावी.

“बरं नाय का?” मंजुळा.

“तसं काही नाही.”

“मंग उठा. जाग्यावर झाडायचंय.”

दुपारी तारवाला आला! बरं तर बरं, मंजुळा शेजारच्या सोजराबाईकडे जाळं विणायला गेली होती. इंग्रजी तार. अक्षर अक्षर लावून वाचली. ‘वायर फादर कंडिशन. पुष्पलता.’

म्हणजे पोचली. पण ती येते आहे असं नाही. प्रकृती विचारते आहे!

१९ सप्टेंबर

उत्तर काय द्यावं? बरा आहे म्हटलं तर ती येणार नाही. वाईट आहे म्हटलं तर – आपल्याच हातानं आपलं तसं लिहायचं? दुसऱ्या कुणाबद्दल लिहिणं वेगळं.

ड्रिल मास्तर आईबद्दल कसं लिहीत असतील!

२२ सप्टेंबर

अजून उत्तर दिलं नाही. आता फार उशीर झाला. आता उत्तर दिलं तर इतके दिवस का नाही दिलं, हे विचारतील. तार वहीत ठेवली आहे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

पत्र आलं. जाडजूड. घरात फोडायचं धाडस झालं नाही. गावच्या किल्ल्याच्या भिंतीला टेकून वाचलं.

त्या हेडमास्तरला सिरियसचा अर्थच माहीत नाही! त्यांच्याकडे सिरियस म्हणजे गंभीर. विचारी. कामाला लागलेला. सोमवारी सकाळी त्यानं चारशे मुलींपुढे प्रार्थनेच्या वेळी माझी तार वाचून दाखवली. म्हणाला – “मिस पुष्पलतांच्या वडिलांनी भारतातून, समुद्रापलीकडून, मुद्दाम तार करून कळवलं आहे, की ते गंभीर आहेत! आपल्या मुलीच्या कामाबद्दल गंभीर! मुलींनो, तुमच्यापैकी किती जणींचे वडील गंभीर आहेत?”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुढचं तसंच उतरवून ठेवतो. “बाबा, चारशे मुली टाळ्या वाजवत होत्या आणि त्या मैदानात त्या शब्दाचा अर्थ मला एकटीलाच कळत होता. तुमच्या नावाच्या टाळ्या. मी हात जोडून उभी होते. मग पहिला तास घेतला. वर्तुळ शिकवलं. तुम्हाला तार केली, उत्तर नाही. हेडमास्तरांना खरा अर्थ सांगितला तेव्हा ते खुर्चीतून उठून उभे राहिले, माझा हात धरून रडले. विमानतळावर जायला स्वतःची मोटार दिली. विमानात जागा तीन आठवडे नव्हती. अकरा दिवस मी तुम्हाला गेलेले धरून शिकवत होते, बाबा. मग आईचं पत्र आलं.”

मोटार दिली म्हणे. आमच्या सरांनी सायकल दिली नसती.

“आईनं दहा सप्टेंबरला लिहिलेलं पत्र आलं. ‘तुझा बाप खोटी तार करणार हाय. दोन भाकऱ्या खातो. तू भिऊ नको, तुझं काम कर.’ तेव्हा मी बाजारात भर रस्त्यात बसून हसले. बायकांना वाटलं, परदेशी बाईला ऊन लागलं. कराराचं अजून ठरवलेलं नाही. पुढच्या पत्रात कळवते.”

अकरा दिवस! मी इथे मधल्या खोलीत पडून होतो आणि ती तिथे वर्तुळ शिकवत होती.

११ ऑक्टोबर

पण आईचं पत्र? मंजुळाला एक अक्षर येत नाही! कुणी लिहून दिलं? दामूनं? दामूला ‘भाकऱ्या’ लिहिता येणार नाही. तारवाल्या कारकुनानं? पण तारीख दहा – आणि मी तार केली अकराला! दहा तारखेला हे कुणालाच माहीत नव्हतं. मी फक्त या वहीत लिहिलं होतं.

दामूवर लक्ष ठेवलं पाहिजे.

१२ ऑक्टोबर

पुष्पीला लिहायला बसलो. पहिली ओळ लिहिली, ‘मी सिरियस नाही.’ मग लक्षात आलं, हे दोन्ही अर्थांनी खरं आहे. खोडली.

दुसरी लिहिली, ‘एक जानेवारीला तुझी जागा जाते.’ तीही खोडली. मला त्या जागेचं काय करायचंय?

शेवटी लिहिलं – ‘पुष्पे, तू गेल्यापासून घरात कुणी मला चुका सांगत नाही. ये, असं सरळ लिहायला पाहिजे होतं, ते लिहिता आलं नाही म्हणून तार केली. आता तुला वाटेल तसं कर. तुमच्याकडे पाऊस सुरू झाला का?’

‘तुमच्याकडे’ लिहिताना पेन अडलं. पण लिहिलं. शिल्लक होतं ते निळं पत्र याला गेलं.

२५ ऑक्टोबर

दामूला आडून विचारलं. “पत्र? मी? काका, मी माझ्या सासऱ्याला लिवत नाय!”

७ नोव्हेंबर, दिवाळी

मंजुळानं करंज्या केल्या. मला तळायला बसवलं. दोघंही टपालवाल्याची वाट बघतो आहोत, पण सणाची सुट्टी.

१० नोव्हेंबर, सोमवार

पत्र आलं. घाईत फोडताना एक कोपरा फाटला. चष्मा सापडेना. मंजुळानं करंजीचा हात पदराला पुसला आणि पुढे केला.

“आना इकडं. मी वाचतंय, तुमी आयका.”

“तू? कधी शिकलीस?”

“पुष्पीनंच शिकवलं, ती जायच्या आदी चार मयने. तुमी सांजचे किल्ल्यावर गप्पा मारायला जायचे तवा.”

मग अक्षरांवर बोट ठेवून, अडखळत, तिनं वाचलं. पुष्पीनं सही केली आहे. आणखी दोन वर्षं. सगळं वाचलं मंजुळानं, एकही ओळ गाळली नाही.