दुसऱ्या दिवसाची शाळा

प्रिय हेडमास्तरीणबाई,

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर बोलायचं तर तिकडे अख्खं घर स्पीकरला कान लावून बसतं, आणि मला जे सांगायचंय ते फक्त तुला. शाळेत मी किती टिकलो ते तुला माहीतच आहे, तेव्हा अक्षर बघून हसू नकोस.

ठमीच्या पहिल्या दिवसाचा व्हिडिओ मी कामावरच्या आमच्या सगळ्या टोळीला दाखवला. अण्णांनी कोट घातलेला, ताईने रजा टाकलेली, दादा कुणाची तरी गाडी मागून, तिला फुगे बांधून हजर. एवढी माणसं आणि एवढंसं दप्तर! आणि आपल्या बाईसाहेब मंत्र्यासारखा हात हलवत फाटकातून आत. आमचा मुकादम म्हणाला, "पोरगी शाळेत चाललीय की बोहल्यावर?" मीपण छाती फुगवून सांगितलं, आमच्या घरात शाळेत जाणं ही लग्नापेक्षा मोठी गोष्ट आहे.

मग दुसऱ्या दिवशी तुझा फोन. ठमी जिन्यात बसलीय, बूट घालत नाही. म्हणतेय, "झाली ना शाळा काल!" आई समजावतेय, अगं, रोज जायचं असतं. तर ही उलट विचारते, मग सगळे कुठायत? गाडी कुठाय? आणि अण्णा पेपरामागून म्हणतात, "मुद्दा बिनतोड आहे." मी इकडे शिडीवरून हसून हसून पडायचाच राहिलो. पण आठवडा झाला तरी तू त्या रडणाऱ्या पोरीला रोज उचलून नेतेयस हे कळलं आणि हसू पळालं.

परवा तू फोन तिच्या हातात दिलास. मी लागलो मोठ्या माणसासारखा शहाणपणा शिकवायला. शाळा अशी संपत नसते, बाळा, वगैरे. तिने ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, तू येतोस तेव्हापण सगळे येतात, फुगे लावतात. मग संपतं."

तेव्हापासून डोक्यात तेच फिरतंय. आमचं लिफ्ट बसवायचं कामपण असंच. लिफ्ट पहिल्यांदा वर गेली की लोक टाळ्या वाजवतात, आमच्यासोबत फोटो काढतात, आणि आम्ही अवजारं गुंडाळून पुढच्या गावी. दुसऱ्या दिवशी तिच्यात कोण चढतं, कोण अडकतं, मी कधी बघितलं नाही. आणि मला हेच आवडतं, खोटं कशाला बोलू? देखभालीच्या कामाला आम्ही 'म्हातारखातं' म्हणतो. त्याच त्या इमारती, तेच तेलपाणी, तेच जिने, आणि लिफ्ट चालत असेल तर तुमच्याकडे ढुंकूनही कुणी बघत नाही. त्या माणसांची मी किती टिंगल केलीय!

काल मुकादमाकडे जाऊन आपल्या गावातल्या म्हातारखात्यात मी नाव घालून आलो. त्याने आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. एक तारखेला रुजू व्हायचंय. जमेल की नाही, देवाला ठाऊक. पंधरा दिवसांत कंटाळून तुझं डोकं खाईन, तेव्हा मला जाऊ देऊ नकोस. आणि मी येतोय हे घरात कुणाला सांगू नकोस, म्हणून तर हे पत्र. दादाने गाडी आणायची नाही, ताईने रजा टाकायची नाही. ठमीला तर मुळीच कळू देऊ नकोस. सकाळी ती उठेल तेव्हा मी तिच्या बुटांची नाडी सोडवत बसलेला असेन. तू काही विशेष घडलंय असं दाखवू नकोस. पाण्याची बाटली माझ्या हातात कोंब, आणि उशीर होतोय, काय करताय इतका वेळ, म्हणून माझ्यावर चांगली खेकस.

तुझाच,
ठमीचा बाबा