शेजारी पोचायचा वेग

३ तारीख
कॉलेजात फिजिक्सचे सर म्हणायचे, "आधी तुम्ही कुठे उभे आहात ते सांगा, मग वेगाचं बोला." वीस वर्षं शिकवणीत हे वाक्य माझंच म्हणून खपवते आहे. आता घरी वापरायचं. ह्यांना लांबच्या शाखेत बदली देऊ केली आहे. एकटेच जायचा विचार दिसतो. मला फक्त "मलाही न्या" एवढं म्हणायचं आहे. सकाळी फिरताना म्हणेन. टीव्ही नसतो.

४ तारीख
हे नेहमीसारखे पुढे. पाठीला काय सांगणार? गणित सोपं आहे. त्यांच्या वेगातून माझा वजा करायचा, बाकी शून्य आणायची.

५ तारीख
बाकी शून्य आणली. अंतर तेवढंच राहिलं. पण वाढलं नाही, ही प्रगतीच.

६ तारीख
वेग वाढवला. माझी पावलं ऐकून ह्यांनीही वाढवला. दोघांचं त्वरण सारखं, म्हणजे सापेक्ष त्वरणही शून्य. शास्त्रानुसार आम्ही एकमेकांच्या तुलनेत स्थिर आहोत. किती जोडप्यांना जमतं हे?

९ तारीख
नणंदेचा फोन. सगळं सांगितलं. म्हणाली, "वहिनी, जेवताना विचार की. ताटं काय पळतायत?" तिचं सायन्स नव्हतं.

१२ तारीख
नवे बूट आणले. उद्या नक्की.

१३ तारीख
टाच सोलली. खिडकीतून बघितलं. बसलेल्या माणसाला ह्यांचा वेग फारच वाटतो.

१७ तारीख
आज हे नाडी बांधायला थांबले. मी ऐन भरात. शेजारून तशीच पुढे निघून गेले. थांबायलाही त्वरण लागतं, उलट्या दिशेचं. ते धरलंच नव्हतं. मागून म्हणाले, "एवढी घाई कसली?" मी म्हटलं, "काही नाही." कोपऱ्यावर डोळे पुसले. घाम असावा.

२५ तारीख, संध्याकाळ
जेवताना ह्यांनी सांगितलं, होकार कळवला. एकट्यापुरती खोलीही बघितली. एका टेबलाशी बसलो होतो, दोघांचा वेग शून्य, मध्ये पाण्याचा जग. रोज एवढंच अंतर होतं. तोंड उघडलं आणि विचारलं, मोजे किती भरू?

३० तारीख, सकाळ
बॅग दाराशी. हे बूट घालतायत आणि मी लिहीत बसले आहे. "आधी तिथं बस्तान बसू दे, मग बघू," म्हणतील, लेसवरून नजर न उचलता. तरी आता उठून म्हणतेच. अहो, मलाही घेऊन चला ना.