सुमनने तीनदा भरीत घेतलं

रविवार, पाचोरा

फार थकलो. कॅन्सरमधून बरे झालेल्यांचा आज सत्कार झाला, मलाही शाल मिळाली. नंतर जेवण. हिरव्या मिरचीचं भरीत होतं. तोंडाच्या ऑपरेशननंतर मला तिखट सोसत नाही, मी दहीभात कालवला. समोर बायको, सुमन. नाका-डोळ्यांतून पाणी, तरी तीनदा भरीत घेतलं! दोन वर्षं घरात माझ्यासारखंच सपक खातेय. हिला तिखट आवडतं हे मी विसरलोच कसा?

वाटेत म्हटलं, "उद्या भरीत कर, तुझ्यापुरतं."

"एकलीसाठे कोन रांधस?" म्हणाली.

तीनदा घेतलं तिने. दोन वर्षं आमच्या घरात एकट्यासाठीच तर रांधलं जातंय.